निळ्याच्या जागी हिरवा

माझ्या सासूबाईंनी माझ्याआधी माझे बूट पाहिले. लग्नाचं विचारायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. बूट दाराशी काढून मी आत खुर्चीच्या कडेवर बसलो, आणि बाई दाराशीच थबकल्या. वाकून त्यांनी माझा डावा बूट उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि आत येऊन विचारलं, "चालताना एका बाजूला कलता का हो तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"कलता. टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय. असू दे, चहा घ्या."

म्हणजे सासूबाईंशी मी बोललेला पहिलाच शब्द खोटा होता, आणि तोही पुराव्यासह पकडला गेला. शहाणा माणूस यावरून काहीतरी शिकला असता. मी चहा घेतला.

सासूबाई एकोणतीस वर्षं फिरती नर्स होत्या. डोंगरापलीकडच्या वस्त्यांमध्ये जायचं, बाळंतपणं करायची, पोरांना लशी टोचायच्या, म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या. गाडी त्या स्वतःच चालवायच्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाळंतिणीकडे जाताना चढावर त्यांची गाडी बंद पडली. एक फ्यूज उडाला होता, बाकी काही नाही. पण फ्यूज कशाशी खातात हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. एका ट्रकवाल्यानं थांबून तो बदलून देईपर्यंत तास गेला. त्या पोचल्या तेव्हा मूल जन्मलेलं होतं, धडधाकट होतं, आणि शेजारणीनं त्याची नाळ स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापली होती. कुणाचं काही बिघडलं नाही. पण ती कात्री सासूबाईंच्या डोक्यातून कधीच गेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्या ट्रकवाल्याला शोधून काढलं आणि फ्यूजपासून टायरपर्यंत सगळं शिकून घेतलं. तेव्हापासून शनिवारची सकाळ गाडीची, ती आजतागायत.

गेल्या वर्षी त्यांनी आपली आताची गाडी आम्हाला देऊन टाकली. गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, असं म्हणाल्या. माझी बायको डोंगरापलीकडे प्रयोगशाळेत काम करते, आणि आमच्या सात वर्षांच्या कन्येची शाळा त्याच वाटेवर आहे. मी मुद्रितशोधक, छापखाना घरापासून चालत सात मिनिटांवर. म्हणजे गाडी वापरायची त्या दोघींनी आणि निगा राखायची मी, अशी वाटणी झाली. किल्ली देताना सासूबाईंनी एकच अट घातली. शनिवारी त्या येऊन तपासणी करतील, आणि तपासणी झाल्याशिवाय सोमवारी गाडी डोंगरावर जाणार नाही.

"माझी लेक आणि नात बसते त्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय, पायी जाता."

दर शनिवारी सकाळी नऊला त्या यायच्या. आधी टायर. नाण्याची कड खाचेत बुडवून खोली बघायच्या. खाचांच्या तळाशी रबराचे बारके उंचवटे असतात. वरची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, तो वापरायचा नाही. मग तळवा टायरवरून आडवा फिरवायच्या, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका अंगानं गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगानं धारदार लागला तर चाकं सरळ धावत नाहीत. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. गाडीखाली हात घालून त्या टायरची आतली कडसुद्धा चाचपायच्या, कारण बाहेरून टायर ठणठणीत दिसतो आणि आतल्या कडेला त्याचा गोटा झालेला असतो. मी टायर तपासायचो तो बुटाच्या टोकानं लाथ मारून. लाथ मारल्यावर नेमकं काय कळतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग फ्यूजची पाळी. इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली काढून सासूबाईंच्या खिशात. त्या लाकडी स्टुलावर बसायच्या आणि मी स्टिअरिंगखाली डोकं घालून झाकण काढायचो. त्या म्हणतील तो फ्यूज प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उपसायचा आणि उजेडाकडे धरायचा.

"आतली तार अखंड आहे?"

"आहे."

"रंग कोणता?"

"लाल."

"लाल म्हणजे दहा. लावा परत. डावीकडून तिसरा काढा. रंग कोणता?"

फ्यूजच्या प्रत्येक ताकदीला रंग ठरलेला असतो. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं, मग त्या मला का विचारायच्या? उघड आहे, मला वाटायचं, परीक्षा घेतात. बेचाळीस वर्षांच्या घोड्याला बालवाडीतल्या पोरासारखं "हा रंग कोणता, तो रंग कोणता" विचारायचं. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, मोठमोठ्या विद्वानांचे ऱ्हस्वदीर्घ मी सरळ करतो, आणि दर शनिवारी मी सासूपुढे उकिडवा बसून "निळा" म्हणत होतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका शनिवारी मागच्या डाव्या टायरवर तळवा फिरवून त्या म्हणाल्या, "दोन्ही कडा घासल्यात. यात हवा कमी राहतेय. बारीक पंक्चर असेल, दाखवून घ्या."

पंक्चरवाल्याचं दुकान दोन चौक सोडून आहे. पण मला सासूबाईंच्या वरचढ ठरायचं होतं. मी डॅशबोर्डच्या सॉकेटमध्ये खुपसायचा हवेचा पंप मागवला. म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरत राहायची, ही माझी अक्कल. पहिल्यांदा लावला तेव्हा पंप दोन मिनिटं घरघरला आणि बंद पडला. सॉकेटचा फ्यूज उडाला होता. शिकलो होतो तसं सगळं केलं, किल्ली काढली, चिमटा घेतला, निळा काढून सुट्या फ्यूजच्या डबीतला निळा लावला. तोही उडाला.

यावर सासूबाईंचं सांगणं स्पष्ट होतं, आणि मी ते निदान वीसदा ऐकलं होतं. "एकदा उडाला तर बदला. दुसऱ्यांदा उडाला तर तो काहीतरी सांगतोय. तिसरा लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनकडे जायचं."

मी तिसरा लावला. डबीत निळे संपले होते, म्हणून हिरवा लावला. तीस अँपिअर, दुप्पट दणकट. पंप असा सुरू झाला की काय सांगू! वायर पंधराचीच आहे, ती तिसाचा ताप कसा सोसेल, जिला वाचवण्यासाठी फ्यूज मरतो तिलाच मी मरायला पुढे करतोय, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. मी शीळ घालत हात धुतले.

पुढच्या शनिवारी स्टुलावरून प्रश्न आला. "सॉकेटचा बघा. तार?"

"अखंड."

"रंग कोणता?"

हिरवा म्हटलं असतं तर पंप, पंक्चर, सगळंच बाहेर आलं असतं आणि वर व्याख्यान. त्या चार हातांवर बसल्या होत्या. हिरवा फ्यूज माझ्या चिमट्यात, भर उजेडात.

"निळा," मी म्हणालो.

"लावा परत," त्या म्हणाल्या, आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. सासूबाईंची नजर एकदा तरी चुकवली! दिवसभर मी घरात मिशीत हसत फिरत होतो.

सोमवारी सकाळी पावणेनऊला छापखान्यात बायकोचा फोन आला. डोंगराच्या अर्ध्यावर तिला मागचं चाक बसल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली, मी डिकीत ठेवलेला पंप लावला आणि हवा भरायला मागे गेली. कन्या आत बसून पाढे म्हणत होती. पाढे मध्येच थांबले आणि "आई, गाडी धूर सोडतेय," असं ऐकू आलं. बायकोनं तिला दप्तरासकट बाहेर ओढलं, किल्ली फिरवून काढली आणि दोघी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. ज्वाळा झाल्या नाहीत. नुसता धूर निघून निघून थांबला.

"आम्ही ठीक आहोत," ती म्हणाली. "दोघी ठीक आहोत. तू ये."

मला दिसत होता फक्त तो हिरवा तुकडा, चिमट्यात धरलेला.

गाडी ओढून इलेक्ट्रिशियनच्या शेडमध्ये आणली. मी पोचलो तर सासूबाई माझ्या आधी हजर, नातीला मांडीवर घट्ट धरून बाकावर बसलेल्या. इलेक्ट्रिशियननं डॅशबोर्डचा खालचा पत्रा सोडवला. वायरीवरचं प्लॅस्टिक वितळून काळा चिकटा झाला होता, शेजारच्या दोन वायरीही भाजल्या होत्या. त्यानं फ्यूज उपसला, तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सज्जन माणूस असल्यामुळे काही बोलला नाही.

बोलल्या सासूबाई. नेहमीच्याच आवाजात. "रंग कोणता?"

इलेक्ट्रिशियन तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, "हिरवा."

"शनिवारी?"

"शनिवारीही हिरवाच होता, आई. मी निळा सांगितलं."

बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. मग ती आईकडे वळली. "पण तू समोर होतीस ना? तुला हिरवा दिसला नाही?"

सासूबाई नातीची वेणी चाचपत बसल्या.

"नाही दिसला," शेवटी त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, मधलं काही दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या. रंग तर सगळे राखाडीच. तुम्हा लोकांना सांगितलं असतं तर म्हणाला असतात, आई, आता तू घरी बस. म्हणून टायर मी हातानं बघत होते, आणि फ्यूज यांच्या डोळ्यांनी."

माझ्या मनात दीड वर्षाची पानं भराभरा उलटत होती. येणारी पत्रं त्या माझ्यापुढे टाकायच्या, "वाचा, तुमचं कामच आहे ते," आणि मी चिडायचो. पायरीवर माझा दंड धरायच्या, तेव्हा मला वाटायचं, मी किती अशक्त झालोय ते चाचपतात. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून मला वेळ विचारायच्या, आणि मी मनात म्हणायचो, हीसुद्धा परीक्षाच. एवढा चुका शोधणारा मी; दीड वर्ष दर आठवड्याला समोर बसलेल्या बाईचे डोळे गेलेले मला दिसले नाहीत. कारण मी सगळीकडे स्वतःचंच प्रगतिपुस्तक वाचत होतो. त्या माझी परीक्षा कधीच घेत नव्हत्या. त्यांना खरोखर रंग विचारायचा होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," सासूबाई म्हणाल्या. "माझंही चुकलं. पण मी लपवलं ते माझे डोळे. तुम्ही लपवलात तो माझ्या नातीच्या पायाखालचा निखारा."

मी खाली मान घालून बुटांकडे पाहत राहिलो. डावी टाच बाहेरून झिजली होती.

बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवता येईल, असं ते म्हणाले. गाडीची वायरिंग बदलून आली, पंक्चर निघालं, कडा झिजलेला टायर काढून नवा बसवला. पंप मी स्वतः कचऱ्यात टाकला. बायको त्या आठवड्यात माझ्याशी फक्त "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलली, आणि तेही मला जास्तच वाटलं.

शनिवार आला. मला वाटलं, आता तपासणीला बायको बसणार, किंवा सरळ इलेक्ट्रिशियन. नऊला सासूबाई आल्या. कन्येनं स्टूल आणून ठेवलं. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी चारही टायर चाचपले, नाणं खिशात टाकलं, स्टुलावर बसल्या आणि हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"आई, आज मी बघते," बायको म्हणाली.

"तू बस," सासूबाई म्हणाल्या. "हे बघतील."

मी झाकण काढलं. सॉकेटचा फ्यूज उपसून उजेडाकडे धरला.

"तार अखंड आहे?"

"अखंड आहे."

"रंग कोणता?"

मी एकदा पाहिलं. दाराशी जाऊन उन्हात परत पाहिलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. कुणीही घाई केली नाही.

"निळा, आई," मी म्हणालो.

"लावा परत," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कुणालाही न विचारता त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली.