सांडणी उठेपर्यंत

सई गेल्यावर मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. रागाने नव्हे, हात उचलेना, एवढंच. विश्रांतवाडीत आमच्या घरासमोर रोज सकाळी हिंजवडीला जाणारी कंपनीची बस थांबते. पूर्वी सई त्याच बसने जायची. आता पत्नी खिडकीतून बसकडे पाहत राही, आणि बस निघून गेली तरी तिथेच उभी असे. साध्या तापाचं निमित्त होऊन आमची एकुलती एक मुलगी गेली, तेव्हापासून पत्नी ना रडली होती, ना धड जेवली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे असंच चाललं तर त्याही हाती लागणार नाहीत.

जैसलमेरची तिकिटं सईनेच काढून ठेवली होती, आम्हा तिघांची. मी बुधवार पेठेतून पुस्तकं आणून सांडणीस्वारांविषयी, उंटांच्या काफिल्यांविषयी वाचत बसे आणि ती चिडवी, "बाबा, तुम्ही पुस्तकातल्या उंटावरून शेळ्या हाकता. खरा उंट पाहिलाय कधी?"

"पेशवे पार्कात."

"तोच कंटाळला असेल तुम्हाला पाहून!"

आम्ही दोघंच गेलो. श्रद्धा म्हणून नाही, तिचं ठरलेलं मोडवेना म्हणून. शहरापासून दूर, ओसाड माळावर एका लोकदेवाचं ठाणं आहे. पुतणीला लग्नात दिलेला शब्द पाळायला त्याने या वाळवंटात पहिल्या सांडण्या आणल्या, असं तिथले उंटपाळ मानतात. जनावर आजारी पडलं की त्यालाच नवस बोलतात. काफिल्यांच्या वाटा सरहद्दीने तोडल्या, उरलेलं ओझं ट्रकांनी नेलं. कळप आता थोडेच आहेत. ठाण्यापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या उंटपाळाने मला हिंदीत विचारलं, "कोणता उंट आजारी आहे?"

"उंट नाही. आमची मुलगी गेली."

तो सरकला, आम्हाला जागा करून दिली. "बसा. मीही तशाचसाठी बसलोय." समोर एक सांडणी वाळूत मान टाकून बसली होती. तिचं पिल्लू तिथेच मेलं होतं. ती रोज येऊन बसे आणि ती उठेपर्यंत हा थांबे.

"ओढून नेत नाही?"

"ओढलं तर येईल. पण चाऱ्याला तोंड लावणार नाही."

पत्नी उठली आणि सांडणीशेजारी जाऊन बसली. उन्हं कलली. आमचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. मी तिला हाक मारणार, तोच म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. मग तिचा आवाज आला. "सई, अगं सई..." ती इतक्या मोठ्याने रडली की मी घाबरलो. सांडणीने मानही वळवली नाही.

थोड्या वेळाने सांडणी आपणहून उठली आणि कळपाच्या दिशेने चालू लागली. पत्नी मात्र बसूनच होती. म्हातारा जागचा हलला नाही. आता तो तिच्यासाठी थांबला होता.

त्या माळावर कोण भेटलं, हे मला ठरवता येत नाही. सई परत आली नाही, दुःख तसूभरही हललेलं नाही. पण त्या रात्री पत्नी अर्धी भाकरी जेवली, आणि त्या अर्ध्या भाकरीसाठी मी जन्मभर ऋणी आहे. बस अजूनही येते. पत्नी अजूनही खिडकीशी उभी राहते. मी तिला हाक मारत नाही. शेजारी खुर्ची घेऊन बसतो. ती आपणहून वळली, की आम्ही दिवा लावतो.