उपडी पाटी

कुठलीही वस्तू हातात आली की बाई ती आधी उपडी करायच्या आणि तिच्या बुडावर बोटाने दोनदा टकटक करायच्या. किल्ल्यांचा डबा असो, टपालाने आलेलं पुडकं असो, नाहीतर चहावाल्याचा कप असो. चहावाला वैतागायचा. "ओ बाई, धुतलेलो आसा कप!" बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "धुतलेलो आसा मां? मग आधी उपडो करून दाखय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोबत बसायला त्रासदायक, आणि नसली की काम अडतं. बाई आमच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत संगणकावर होत्या आणि मी टायपिस्ट. आमची टेबलं शेजारी शेजारी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवणच्या बाजारात तेव्हा संगणक म्हणजे दारात हत्ती आल्यासारखा प्रकार होता. बाई मुंबईच्या एका कंपनीत काही वर्षं प्रोग्राम लिहायचं काम करून, वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षांना संगणक मिरवायला हवा होता, आणि तो चालवू शकणारं माणूस या किनाऱ्यावर एकच होतं.

स्वभाव म्हणाल तर मिरची. संगणकावर कोणीतरी क्रोशाचा रुमाल घातला, तर त्यांनी तो घडी करून घालणाऱ्याच्या हातात दिला. "त्याका थंडी वाजणा नाय," म्हणाल्या.

आमच्या कचेरीत सुंदराकाकी मासे विकायला यायची. नवरा समुद्रात बुडून गेलेला, घरी एक मुलगा दिनू आणि एक वल्ह्याची होडी. काकीच्या पाटीत वर चकचकीत बांगडे आणि खाली कालचे, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि सगळा बाजार गप्प होता. बाईंनी पहिल्याच दिवशी पाटी धरली आणि कचेरीच्या पायरीवर उपडी केली. खालचे डोळे बसलेले बांगडे वर आले. काकीने जो तोंडाचा पट्टा सोडला तो जेटीपर्यंत ऐकू गेला असेल. "गो, माझ्या माशांर भरवसो नाय तुझो?"

"माशांर आसा," बाई म्हणाल्या, "पाटयेर नाय."

आणि काकी एकदम खो खो हसली. त्या दिवसापासून बाईंचे मासे ती वेगळे पानात बांधून आणायची. बाई दुपारी तिला आपल्या डब्यातली भाकरी द्यायच्या. दिनूचं काय करायचं हा दोघींचा रोजचा विषय. वल्ह्याच्या होडीने आता पोट भरत नव्हतं, मासा दूर गेला होता. दिनू म्हणायचा, "होडयेक इंजिन गावला नाय तर मी गोव्याक ट्रॉलरार जातलंय." आणि समुद्राने नवरा नेलेल्या काकीला मुलगा परक्याच्या ट्रॉलरवर पाठवायचा नव्हता.

इंजिनं येणार होती. सरकारी योजनेतून तीन, आणि अर्ज मात्र सगळ्या वाडीचे. पूर्वी अशा वेळी मडक्यात चिठ्ठ्या टाकून सोडत निघायची. या वेळी अध्यक्षांनी जाहीर केलं, "मडकी-बिडकी बंद. संगणक सोडत काढील. मशीन खोटा बोलणा नाय." सोडतीचा प्रोग्राम त्यांच्या पुतण्याने मुंबईत तयार केला आणि एका फ्लॉपीवर पाठवला. तो आमच्या यंत्रातल्या प्रोग्रामला जोडायचा, एवढंच बाईंचं काम.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. माणूस प्रोग्राम लिहितो तो वाचता येतो. मग तो यंत्राच्या भाषेत वळवतात, आणि तो कोणाला वाचता येत नाही. पुतण्याने वाचता येणारा आपल्याजवळ ठेवला आणि आम्हाला वळवलेला दिला. म्हणजे मसाला न दाखवता नुसतं वाटण पुढ्यात ठेवलं. पण जिभेवर टेकवून धने किती, मिरी किती सांगणाऱ्या बायका आपल्याकडे असतात, आणि बाई त्यातल्या होत्या.

दुपारी कचेरी पेंगत होती. बाईंनी फ्लॉपी उपडी करून टकटक केली, यंत्रात घातली आणि 'एनएम' अशी दोन अक्षरं टाइप केली. फाइलीच्या आत कोणकोणते तुकडे आहेत त्यांची नावं पडद्यावर आली. सगळी रूक्ष, कामाची नावं, आणि मधेच एक 'काका'. बाईंच्या भुवया वर गेल्या. "पोराक नावा पुसूची अक्कल नाय," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी 'डिस' नावाची आज्ञा दिली. तिने यंत्राची भाषा उलगडून ओळीखाली ओळ पडद्यावर येते. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाई बोट ठेवून सांगत गेल्या.

"इथे चिठ्ठी काढतो. इथे वाचतो. इथे ह्या तीन सभासद क्रमांकांशी ताडून बघतो. जुळला नाही, की इथून उडी मारून परत वर. परत चिठ्ठी. जुळेपर्यंत."

"आणि आपल्याला काय दिसणार?"

"फक्त शेवटची चिठ्ठी."

ते तीन क्रमांक मी रजिस्टरात बघितले. एक अध्यक्षांचा मेव्हणा आणि दोन त्यांच्या पाठीमागे फिरणारे. बाई उठल्या आणि तडक अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. अध्यक्ष पान लावत होते. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तुमचं काम जोडायचं. फोडायचं नाही."

सोडतीच्या दिवशी तो प्रोग्राम जोडलेला संगणक देवळाच्या सभामंडपात आणून ठेवला, त्याला हार घातला, नारळ फोडला. देवळाच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या मशिनीतसून जो काय कौल येतलो, तो सगळ्यांका मान्य करून घे रे म्हाराजा!" आणि सगळा मंडप गरजला, "व्हय म्हाराजा!" त्यात दिनूचाही आवाज होता, काकीचाही.

अध्यक्ष कळ दाबणार तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. गाऱ्हाण्यानंतर मधे बोलणं म्हणजे देवाचा अवमान, हे तिथे जन्मलेल्या बाईंना मी सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, "थांबा. कोणाची नावं येणार ती मी आधीच सांगते." आणि तिन्ही नावं खणखणीत आवाजात सांगितली.

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्षांना आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यांनी कळ दाबली. तीच तीन नावं आली. त्याच क्रमाने.

मला वाटलं, झालं! आता अध्यक्षांना मंडपातून पळावं लागणार. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. पण गर्दीतून पहिला आवाज आला तो सुंदराकाकीचा.

"जिका आधी म्हायत, तिनाच केल्यान ह्या! माझ्या झिलाचा इंजिन हिना खाल्ल्यान!"

आणि मंडप पेटला. मशीन हिच्या हातात, दिवसभर हिची बोटं त्याच्यावर, मग दुसरं कोण करणार? बाई ओरडून सांगत होत्या, "अगो, फाईल उपडी करून बघा! मुंबईहून कोणालाही बोलवा, सगळ्यांसमोर उघडा!" मी उठून सांगितलं की मी पडद्यावर पाहिलंय. मागून कोणीतरी म्हणालं, "तुका काय कळता त्यातला?" हे खरंच होतं, आणि म्हणूनच मला त्या माणसाचा आजही राग येतो. अध्यक्षांनी हात जोडून मंडप शांत केला. "झाला ता झाला. देवाक गाऱ्हाणा घातला, आता कौल फिरूचो नाय." चोराने देव पुढे केला आणि नागवलेल्यांनी हात जोडले. दुसऱ्या सकाळी फ्लॉपी पुतण्याकडे परत गेली होती आणि यंत्रातली फाइल पुसलेली होती.

संचालकांनी बाईंना काढलं. कारण लिहिलं, संस्थेचा प्रोग्राम फोडला. बाईंनी वाद घातला नाही. टेबलाचा खण ओढून अध्यक्षांसमोर उपडा केला. मग आपली पर्सही उपडी केली. कंगवा, वडिलांच्या औषधाची चिठ्ठी, एक सुकलेला आवळा. "बघून घ्या," त्या म्हणाल्या, "काय नेत नाय." बुडावर टकटक मात्र केली नाही. मी सामान भरायला वाकलो तर माझा हात त्यांनी बाजूला केला. पुढच्या महिन्यात वडील वारले, आणि बाई बांद्यावरून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या. घर बंद झालं. त्याच हंगामात दिनूही ट्रॉलरवर गेला.

माझा राग अध्यक्षांवर आहेच, पण तो सोपा आहे. चोर चोरी करणारच. मला झोंबतं ते काकीचं. जिच्या मुलासाठी ती बाई भर मंडपात उभी राहिली, तिनेच पहिला दगड मारावा? वर्षभर मी काकीशी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या वर्षी आणखी इंजिनं आली. अध्यक्ष पुन्हा संगणक घेऊन मंडपात आले. मानकऱ्याने गाऱ्हाणं सुरू करायला हात जोडले, तेवढ्यात सुंदराकाकी घरून आणलेलं मडकं घेऊन पुढे आली. "ह्याच्यात चिठये घाला," म्हणाली. अध्यक्ष काही बोलणार तर बायकांच्या बाजूने एकच गलका झाला. काकीने मडकं सगळ्यांसमोर उपडं केलं आणि त्याच्या बुडावर बोटाने दोनदा टकटक केली. मग चिठ्ठ्या पडल्या. आता दर वर्षी तसंच होतं. परवा एक तरुण सभासद पाहुण्यांना सांगत होता, ही आमची वाडवडिलांपासूनची रीत. ही रीत कुठल्या वाडवडिलांची ते मी त्याला सांगणार होतो, तेवढ्यात तो पाहुण्यांना घेऊन पुढे गेला.

मडक्याच्या त्या पहिल्या सोडतीच्या दुसऱ्या दिवशी काकी माझ्या दारात आली. डोक्यावर पाटी होती.

"बाय खंय आसता आता? तुका म्हायत आसा?"

"नाय," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

मग मी न सांगता तिने पाटी माझ्या ओट्यावर उपडी केली. वरचे, खालचे, सगळे बांगडे ताजे होते. एकेक उलटून ती मला दाखवत राहिली.

मी त्या दिवशी मासे घेतले नाहीत.