एकतीस वर्षांच्या पोरीचं बारसं

भिंतीला रंग मारायला उभं राहा, किस्सा आपल्या पायानं चालत येतो. आमचे रंग संपतात, किस्से उरतात.

आमी तिघं. रत्नाताई ट्रान्सजेंडर, नांदेडच्या भिंतींवर तिच्यासारख्यांच्या पुढच्या चांगल्या दिवसांची चित्रं काढते. हमीदचाचा बोर्ड रंगवून म्हातारे झाले, अक्षरं त्यांची. मी नववीत शाळा सोडली, बॉर्डर मारतो आन खोड्या काढतो.

*

पहिल्या भिंतीवर ट्रान्सजेंडर कलेक्टर, केबिनबाहेर सगळं गाव लाइनीत. एक गाडीवाला थांबला. "असं कवा होणार?"

रत्नाताईचा ब्रश थांबला न्हाई. "तुमच्या गल्लीत नळ येणार म्हणून बोर्ड लागलाय ना, तो नळ आला की दुसऱ्या दिवशी."

*

दुसरीवर दोन म्हाताऱ्या, तिच्यासारख्याच, खाटेवर बशीनं चहा पिऊन राहिल्यात. लातूरचे एक प्राध्यापक म्हणाले, "यात वेदना दिसत नाही."

"हाय की सर. खाटेखाली गुडघ्याच्या तेलाची बाटली बघा."

*

नगरसेवक फोटोला आले. "आमचंबी तोंड टाका की कुठंतरी."

चाचांनी चष्मा पुसला. "साहब, ये तीस साल बाद का है. तवा तुमी असताल का?"

साहेबांनी लई इचार केला. "मग पोराचं टाका."

*

शेवटच्या भिंतीवर तिनं स्वतःचंच बारसं काढलं. पाळण्यात ही एवढी बाई, भोवती बायका. सगळ्यांना नाकडोळे, फक्त आत्याचं तोंड कोरं.

"नाव मीच ठिवलंय," ती म्हणाली, "पण आत्यानं कानात सांगितल्याबिगर ते पक्कं वाटत न्हाई." आत्या लोह्याला राहते. नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद.

मग भिंतीपुढं खरंच बारसं करायचं ठरलं. मी गुपचूप आत्याला कार्ड धाडलं. 'आमच्याकडे मुलगी झाली हो. वय एकतीस. आत्याबाईंनी कुंची शिवून आणावी.'

रत्नाताईला कळलं तसा तिनं ब्रश फेकून मारला. "मेल्या, न बोलावता न्हाई आली तर चालतंय. बोलावून न्हाई आली तर मी या भिंतीकडं कशी बघू?"

बारशादिवशी झोपाळ्याला झेंडू बांधून पाळणा केला, ताईला बसवलं. पाळणागीत दोनदा म्हणून झालं. आत्याचा पत्ता न्हाई. ताई खाली बघून राहिली. चाचा म्हणाले, "चलो, मी होतो आत्या."

"दाढीवाली आत्या नको," बायका म्हणाल्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली. पिशवी घेऊन एक म्हातारी उतरली. "कार्ड धाडणारा आगाऊ कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. चाचांनीबी.

म्हातारी पाळण्याकडं गेली, ताईच्या कानात वाकली. रिवाजाप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. "हळू गं बायांनो, मणका गेलाय." मग पिशवीतनं हिरव्या खणाची कुंची काढून तिनं ताईच्या डोक्यावर घातली. बरोब्बर बसली.

मला राहवलं न्हाई. "आत्या, माप कुठनं घेतलं?"

"हिची चौथीतली शाळेची टोपी ठिवलीय मी," आत्या नाडी बांधत म्हणाली. "तिच्यावर चार बोटं वाढीव धरलं."