ठिबकची खुर्ची

आमच्या दाजींच्या घरातली वस्तू कवा म्हातारी हुत न्हाई, तिची नुसती बदली हुती. फ्रिज बंद पडला, त्यो कपड्यांचं कपाट झाला. गोठ्याचं जुनं दार जेवायचं टेबल झालं, पन दाराची कडी तशीच ऱ्हायली. पयल्याच दिवशी माझं ताट बरोबर त्या कडीवर बसलं आनि आमटी माझ्या मांडीवर आली. त्यात दाजी फौजेतनं आलेले, डब्यात रंग उरला की त्यांना चैन पडत न्हाई. एकदा मी दुपारचा दारापुढच्या सोप्यात लवंडलो, उठलो तर माझ्या चपला हिरव्यागार. म्हनलो, आवं दाजी, ह्या चांगल्या हुत्या की. तर म्हनले, "वाटत न्हवत्या."

आक्का, म्हंजी माझी थोरली भन, जाऊन दोन-तीन वर्सं झाली. तवापासनं वडूजच्या त्या घरात दाजी एकटे, आनि जेवायच्या वक्ताला माझं घर सोडून मी. अशात दाजींच्या पोरीला, माझ्या भाचीला, दिस गेलं. पयलं बाळंतपन माहेरी, ही आपली रीत. पन तिच्या सासूनं, फलटनच्या इहीनबाईंनी, निरोप धाडला की दोन बाप्यांच्या घरात बाळंतीन कशी ठिवायची, आधी मी खोली बघून जाते, मग ठरवू.  दाजी मोजायची टेप घिऊन आतल्या खोलीत गेले.

खोलीत खताची पोती हुती, ती निघाली. मग दाजी फरशीवर उतानं पडले, शेजारी मलाबी पाडलं. बाळंतीन भिंतीकडं बघत न्हाई, वर बघती, असं त्यांचं म्हननं. म्हनून उरलासुरला पांढरा रंग सगळा वर लावला. त्यातला निम्मा माझ्या केसांत आला, तर बायकू म्हनली, लय दिसांनी शानं दिसताय. ऱ्हायली इहीनबाईंसाठी खुर्ची. इकत आनायची न्हाई, हे ठरलेलंच. सांगाडा भंगारातला, आनि इनायला शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या. दाजींनी अशी झकास इनली की दुकानातली लाजंल. माझ्याकडं काम एवढंच, नळ्यांत साचलेलं पानी आधी फुकून काढायचं. मी दोन नळ्या फुकल्या, मला चक्कर आली, बाकीच्यांची तोंडं तारंनं आवळून टाकली.

इहीनबाई आल्या. खोली बघितली, वर बघितलं, फ्रिज उघडून आतली बाळुती चाचपली.  दाजी अटेन्शनमदी हुबे. मग बाई खुर्चीवर बसल्या. बाई तशा भारदस्त. बसल्याबरोबर खुर्चीच्या चारी अंगांनी ठिबक सुरू झालं, आनि एक चिळकांडी थेट दाजींच्या इस्त्रीच्या प्यांटीवर. दाजींचं तोंड उतरलं. मी मनात म्हनलो, संपलं, भाची काय येत न्हाई, आनि नळ्या कुनी आवळल्या ते दाजींना कळलं की आपलं जेवान बी गेलं.

इहीनबाई उठल्या. मागं हात लावून पातळ चाचपलं.

"आवं, वडूजला मानसाला प्यायला पानी न्हाई म्हनत्यात, आनि तुमच्या खुर्चीला हाय व्हय?"

आनि अशा हसत सुटल्या की त्यांना टेकायला भिंत लागली. डोळं पुसून म्हनल्या, "पोरगी हितंच येईल. पन संगं मी बी ऱ्हानार. तुमा दोगांच्या भरवशावर न्हाई सोडायची तिला."

म्हंजी आता आनखी एक खाट लागनार. भंगार हुतं, नळ्या बी हुत्या. पन इहीनबाई गेल्यावर दाजी माळ्यावर चढले आनि आक्काची खाट खाली घेतली. घरातली एक वस्तू त्यांनी सोडली न्हवती, हिला मातर कवा हात लावला न्हवता. मी आपला सवयीनं हिरव्या रंगाचा डबा घिऊन आलो.

"ऱ्हाऊ दे गड्या," दाजी म्हनले. "हिला नुसतं पुसून घे."

मी पुसायला बसलो. दाजी समोर बसून खाटंची सैल झालेली नवार हातानं दाबून बघत हुते.