डायपरवरची सूट

बाबांनी उभा जन्म परतवाड्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत घालवला. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांना अमरावतीला आमच्याकडे आणलं. मोठ्यांचे डायपर लागायचे. माझी बायको ते मॉलमधून आणायची आणि काही न बोलता त्यांच्या कपाटात कपड्यांमागे ठेवून द्यायची. पोरांनाही पत्ता नव्हता.

मॉलचं पॉइंटांचं कार्ड मात्र बाबांच्या मोबाईल नंबरवर होतं. पहिल्यांदा सगळे गेलो तेव्हा काउंटरवर नंबर विचारला आणि बाबांनी हौसेने स्वतःचा सांगितला होता; पुढे प्रत्येक बिलाला तोच लागायचा.

सकाळी ते कॉलनीच्या बगीच्यात सोबत्यांबरोबर बसत. चष्मा विसरला की मेसेज शेजारी बसलेल्याकडून वाचून घेत. एकदा शेजारच्या आजोबांनी मोठ्याने वाचलं, "तुमचे नेहमीचे अ‍ॅडल्ट डायपर संपत आले असतील. आज खास सूट."

त्यानंतर बाबांनी बगीचा सोडला. जेवणही कमी झालं. बायकोने फार खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी नुसता फोन तिच्यापुढे सरकवला.

"ब्लॉक करून टाकू," मी म्हणालो.

"मेसेज थांबंल. त्यांच्यापाशी सारं जमा हाय, त्याचं काय?" ती म्हणाली. मग बाबांकडे वळली, "बाबा, तुमी बी मॉलमदी चला. खातं बंद कराले तुमच्या फोनवर ओटीपी येईन."

मॉलमध्ये मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टीम आपोआप पाठवते. आपण कार्डाने पैसे देता, पॉइंट घेता, त्यावरून तिला कळतं."

"मले ते कार्डच नाही पायजे. नंबर काढा, आमी काय काय घेतलं तेबी काढा."

"पॉइंट जातील सगळे."

"जाऊ द्या."

"पण मेसेज कशाचा होता?"

मागे बिलासाठी रांग लागली होती. बाबा ट्रॉलीची दांडी घट्ट धरून खाली पाहत होते. मी काही बोलणार, तोच ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डायपरचा. मी वापरतो. तुमी गावभर कावून सांगून राहिले?"

रांगेत कोणी हसलं नाही. मॅनेजरने मान खाली घातली आणि आमच्यासमोरच मुख्य ऑफिसला मेल केला. ओटीपी आला, बाबांनी तो स्वतः वाचून सांगितला. आठवड्याभरात खातं बंद झाल्याचा मेसेज आला. तेव्हापासून आमच्या घरी तसलं सामान रोखीनेच येतं. नंबर विचारला की ती "नाही" म्हणते आणि नोटा पुढे करते.

त्या दिवशी मॉलमधून परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "पोरी, तू खोटं कावून बोलली?"

"तुमच्या जागी माहा बाप असता तरी बोललो असतो."

दुसऱ्या दिवशी ते बगीच्यात गेले. मी दूध घेऊन परतत होतो, म्हणून ऐकलं. ते सोबत्यांना सांगत होते, "माहं ऑपरेशन झालं, मून डायपर लागते मले. पण माही सून पाहाले पायजे होती तुमी काल." मग त्यांनी मॉलमधली सारी हकीकत सांगितली, थोडी वाढवूनच. मेसेज वाचणारे आजोबा सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाले, "कोन्या कंपनीचे चांगले राह्यतात हो?"