न उघडता घेतलेलं मशीन

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही नावापुरती. पलीकडे माझा धाकटा भाऊ आणि भावजय. भावजयीला ऐकू कमी यायचं, म्हणून तिच्याशी भांडायचं तर भावाला जोरातच भांडावं लागे. त्यामुळे त्यांचं एकही भांडण माझं कधी चुकलं नाही. भिंतीला कान लावायची वेळच आली नाही.

त्यातलं एक अजून लक्षात आहे. ती घरी कपडे शिवायची. तिचं नवं शिवणयंत्र सकाळी आलं, दुपारी ती कुणाची तरी मापं घ्यायला गेली, आणि परत येऊन बघते तर यंत्राचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. भावानं ते पुन्हा जोडलं, चाललंही, पण एक स्क्रू हरवला तो हरवलाच.

"कोऱ्या यंत्राला हात लावायचं कारण काय?" ती.

"जे उघडता येत नाही ते आपलं नसतं," हा. "आता उघडून बघितलं, आता आपलं झालं."

"आणि तो स्क्रू?"

यावर त्यानं जे लांबण लावलं, त्यात तो स्क्रू मुळात लागतच नव्हता इथपासून कंपन्यांना अक्कल नसते इथपर्यंत सगळं आलं. मग टेबलावर टक् असा आवाज झाला. तिनं कानाचं मशीन काढून ठेवलं होतं. "बोला आता," म्हणाली. बिचारा पाच मिनिटं बोलला. भिंतीअलीकडे मी एकटीच ऐकत होते.

तो गेला त्याला वर्ष होत आलं. माणूस गेल्यावर लोक म्हणतात, स्वभावानं फार शांत होता. माझा भाऊ शांत नव्हता. तो रागावलेला जगला, आणि माझ्या मते त्याचा राग खरा होता, म्हणून लिहिते आहे.

शर्टाच्या खिशात कायम छोटी पक्कड, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणत. जन्मभर आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त केले. निवृत्त झाला तरी इमारतीत कुणी काही घ्यायचं ठरवलं की आधी त्याच्याकडे यायचं. हा चष्मा कपाळावर चढवून निकाल द्यायचा. फोनची बॅटरी चिकटवलेली आहे? मग तो फोन नाही, उसना आणलेला डबा आहे. टीव्ही लावल्याबरोबर आधी जाहिरात दाखवतो? आपल्या घरात बसून आपल्यालाच माल विकणारा पाहुणा कशाला पोसायचा. प्रिंटर दुसऱ्याची शाई घेत नाही म्हणून रुसून बसतो, तर त्याला खिडकीतून खाली सोडा. फ्रिजला इंटरनेट लागतं हे ऐकून तर तो दोन दिवस तेच बोलत होता. दूध थंड करायला त्याला कुणाला विचारावं लागतं, म्हणाला.

फोनचं अपडेट आलं की सकाळपासून भिंतीपलीकडे धुसफुस. मला आधी कळायचं नाही. मग माझ्या फोनमधलं मुलीला फोन लावायचं चित्र एका सकाळी जागेवरून उठून भलतीकडेच जाऊन बसलं, तेव्हा कळलं. आपल्या स्वयंपाकघरात शिरून कुणी न विचारता डबे हलवले, तर मी तरी गप्प बसले असते का?

असा हा माणूस, आणि फसला तोच.

भावजयीचं जुनं मशीन कानामागे बसायचं. बोटानं फिरवायचं बारीक चाक, बदलायची बटणाएवढी बॅटरी. मग बाजारात नवं आलं. दाण्याएवढं, कानात दिसतही नाही, डबीत ठेवलं की चार्ज होतं, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो फोनमधून. ते बघून माझा भाऊ पाघळला. आवाज किती स्वच्छ, गर्दीतला गोंगाट कसा गाळतं, हे मलाच चार वेळा सांगून गेला. ती म्हणाली, उघडून बघितलंत का? तर म्हणे, एवढं नाजूक मशीन उघडत नसतात. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक वस्तू न उघडता घरात घेतली, आणि तीही तिच्या कानासाठी.

दोन वर्षं बरी गेली. मग ती कंपनी दुसऱ्या कुणीतरी घेतली, पाठोपाठ फोनचं अपडेट आलं, आणि ॲप उघडेना. उघडलंच तर एवढंच लिहून यायचं की ही सेवा बंद झाली आहे. मशीनचा आवाज कुठेतरी तळाला जाऊन बसला आणि वर आणायला चाक नव्हतं.

त्यानंतर काय झालं ते मला भिंतीतून कळत गेलं. भांडणं बंद झाली. तिनं एकीच्या बाह्या आखूड शिवल्या, दुसरीचा गळा मोठा केला, दोघी तोंडावर बोलून गेल्या, आणि तिनं काम घेणं थांबवलं. दाराशी कुणी आलं की ती आतल्या खोलीत जायची. मी जेवायला बोलावलं तर हसून मान हलवायची. हो म्हणायची की नाही, तेही कळायचं नाही. जिच्या तोंडाला आमच्या घराण्यात कुणी पुरं पडलं नाही, ती बाई घरातली भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायला लागली.

भाऊ कंपनीच्या मागे लागला. फोनवर तासतास गाणं ऐकलं. शेवटी त्यांच्या सर्व्हिस सेंटरला मला सोबत घेऊन गेला, म्हणजे हात उगारायची वेळ आली तर आवरायला. काउंटरवरची मुलगी गोड बोलली. काका, या मॉडेलचं आयुष्य संपलं, आता नवीन घ्या.

"आयुष्य माणसाचं संपतं," तो म्हणाला. "याला तुम्ही मारलंय."

नवीन नको होतं त्याला. आवाज वाढवायचा तेवढा प्रोग्रॅम द्या म्हणाला, पुढचं माझं मी बघतो. तिनं आत विचारलं आणि येऊन सांगितलं, प्रोग्रॅम कंपनीच्या मालकीचा आहे, देता येत नाही.

"मशीन माझं, कान माझ्या बायकोचा, आणि आवाज तुमच्या मालकीचा?"

हे तो ओरडून म्हणाला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या मुलीनं खाली बघितलं. तिचा काय दोष होता? ज्यांचा होता ते काउंटरवर बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं टेबलाशी बसून ते मशीन उघडायला घेतलं. मी तिथेच होते. गरम हवा मारली, पातं घातलं, भिंग लावलं. स्क्रू नव्हताच कुठे. आत सगळा डिंक ओतलेला. कट्ट झालं आणि दाणा दोन ठिकाणी तुटला. त्यानं पक्कड खाली ठेवली. सगळ्या इमारतीला शहाणपण शिकवलं आणि बायकोला बहिरं केलं, म्हणाला. म्हणाला मला, पण बघत होता तिच्याकडे.

तिला ऐकू गेलं नाही. पण बघून कळलं असावं. ती उठली, शिवणाच्या सामानातला टाचण्यांचा डबा आणला, आणि तळातून चिंधीत गुंडाळलेलं जुनं मशीन काढून त्याच्यासमोर ठेवलं. नवं आणलं तेव्हा जुनं टाकून दे म्हणाला होता, आणि तिनं टाकलं म्हणून सांगितलं होतं.

"हे उघडतं," म्हणाली.

त्यानं उघडलं. साफ केलं, कडक झालेली नळी बदलली, चाकातली घाण काढली. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, की एवढे दिवस लपवून ठेवलंस आणि मला हेलपाटे घालू दिलेस? त्यावर ती म्हणाली, टाकून दे म्हणालात ते चुकलं, हे स्वतःहून कधी कबूल करताय ते बघत होते. मग जे जुंपलं ते जुंपलं. मी चहा घेऊन भिंतीला टेकून बसले.

त्या तुटलेल्या दाण्याचं त्यानं काय केलं, तर एका पुठ्ठ्यावर चिकटवला, खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हे मी न उघडता घेतलं', आणि बाहेरच्या दाराला टांगला. जिन्यातून कुणी नवं खोकं घेऊन वर चढलं की त्याला पुठ्ठ्यासमोर उभं करायचा. लोक हसायचे. मी सांगितलं, काढ ते, लाज जाते. तर म्हणाला, ताई, माझी गेली तर गेली, त्यांना जरा येऊ दे. पुठ्ठा अजून तिथेच आहे. मी त्यावरची धूळ पुसते आणि पुसताना मलाही संताप येतो.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो बॅटरीचं कार्ड आणायला औषधांच्या दुकानात जायचा. आम्हाला सोडून जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारीही गेला. मीच जिन्यात भेटले. दुकानदारानं जुन्या तारखेचं कार्ड पुढे केलं होतं, ते परत देऊन, त्याला नेहमीचे चार शब्द ऐकवून नवं घेऊन आला होता. घरी जाऊन बॅटरीवरची निळी पट्टी सोलली, मिनिटभर हवा लागू दिली, मशीन तिच्या कानामागे बसवलं. मग नेहमीसारखा दुसऱ्या खोलीत गेला, तिची पाठ होऊ दिली, आणि साध्या आवाजात विचारलं,

"तो स्क्रू सापडला का?"

भिंतीअलीकडे मी वाट बघत होते.

"तुमच्याच खिशात बघा," ती म्हणाली. "आणि ओरडू नका, ऐकू येतंय."