एतिदाल मिसच्या भुवया

तफीलाच्या बाजारात साखर संपली असेल, तर दुकानदार तसं तोंडाने सांगत नाही. भुवया वर उचलतो, जिभेने टाळूला बारीकसं ‘च्क’ करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आलेली सोयरीकसुद्धा कुणीकुणी अशीच परत पाठवलेली आहे. पण या विद्येत मुलींच्या सरकारी शाळेतल्या एतिदाल मिसचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, आणि गंमत म्हणजे हे खुद्द एतिदाल मिसनाच माहीत नव्हतं.

त्या स्वतः शाळेत होत्या तेव्हा त्यांच्या शिक्षिकेकडे जैतुनाची छडी असायची. पुस्तकातली अरबी घरात कोणी बोलत नाही. त्यामुळे धड्यात अडणारे शब्द पुष्कळ, आणि अर्थ चुकला की छडी. एतिदाल त्या भीतीने तोंडच उघडेनाशी झाली होती. पुढे करकला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं, मी मारणार नाही. ‘चूक’ हा शब्दही उच्चारणार नाही.

हे त्यांनी पाळलं. त्यांच्या वर्गात पोरगी धडा वाचता वाचता अवघड शब्दाशी थांबली की मिस मऊपणे विचारायच्या, “काय असेल गं?” पोरगी काहीतरी म्हणायची. मिस गप्प. पोरगी दुसरं काही म्हणायची. मिस गप्पच. तिसऱ्या खेपेला बहुतेक बरोबर उत्तर यायचं. तपासणीला आलेले साहेब मान डोलवून जायचे. या मुली पाठांतर करत नाहीत, वाचता वाचता अर्थ काढतात, असा त्यांच्या वर्गाचा लौकिक होता. एतिदाल मिस बोलून दाखवायच्या नाहीत, पण आयुष्यात आपण एक काम नीट केलं, हे समाधान घेऊन त्या रोज झोपायच्या.

त्या हिवाळ्यात ओल्या केसांनी त्या गच्चीवर गेल्या, टाकीचा नळ गोठलाय का बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा शेजाऱ्याचा असल्यासारखा परका. लकवा. सासूबाईंनी गरम जैतुनाचं तेल चोळलं आणि “ओल्या डोक्याने वाऱ्यात जाऊ नये हे माझ्या नातवंडांनासुद्धा कळतं” असं दिवसातून अनेकदा ऐकवलं. डॉक्टर म्हणाला, नस सुजली आहे, वसंतापर्यंत उतरेल. घरी पडून राहावं, तर शेजारणी येऊन उशाशी रडायला बसायच्या. त्यापेक्षा शाळा बरी म्हणून मिस तोंडावरून शाल घेऊन कामावर आल्या.

खेळाच्या तासाची शिक्षिका फलक ही त्यांची जुनी मैत्रीण. शिक्षिकांच्या खोलीत रॉकेलच्या शेगडीवर चहा उकळत होता. गावच्या रीतीने तिने ‘लैसची आई’ अशीच हाक मारली, “उम्म लैस, अर्धं तोंड गेलंय तर आता अर्धंच रागवत जा. तुझ्या नवऱ्याला, अबू लैसला म्हणावं, लग्नानंतर पहिल्यांदा नशीब उघडलं.”

“त्यांना म्हणावं, उरलेलं अर्धं पुरेसं आहे,” मिस म्हणाल्या. हसायला गेल्या, आणि हसू एकाच बाजूला गेलं.

वर्गात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सातवीच्या त्याच पोरी, तेच पुस्तक, पण एकीलाही धड अर्थ लागेना. सगळ्यात हुशार रुदैना. तीही दोन शब्द बोलून गप्प व्हायची. रुदैनाचं गप्प होणं मिसना झोंबलं, कारण तिचं सगळं या वर्षावर होतं. तिचा बाप, अबू नायफ, भट्टीवर रोट्या भाजायचा. माणूस वाईट नव्हता. पण मोठी मुलगी नापास झाली, तेव्हा त्याने तिला घरी बसवलं होतं आणि रुदैनाबद्दलही साफ सांगून ठेवलं होतं, वर्ष बुडालं की शाळा संपली.

“काय झालंय तुला?” एक दिवस मिसनी विचारलं. “वाचतेस, आणि मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसतेस? पुस्तकात बघ.”

रुदैना मान खाली घालून म्हणाली, “पुस्तकात बघून कसं कळणार, मिस?”

मागच्या बाकावरच्या सल्माला राहवलं नाही. “मिस, तुमची एक भुवई हो म्हणते आणि एक नाही म्हणते. आम्ही कुणाचं ऐकायचं?”

सगळा वर्ग खिदळला. मिसही त्यांच्याबरोबर हसल्या असत्या. पण पोरी अशा सहजपणे हसत होत्या की ती गोष्ट सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असावी, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पुस्तक मिटलं.

त्या दिवशी मैरमीयेची सुगंधी पानं घातलेला चहा समोर तसाच निवत ठेवून त्या बसल्या होत्या. शिक्षिकांच्या खोलीत आठवीला शिकवणारी सुरय्या तेवढी होती. ही सुरय्या एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी.

“सुरय्या, खरं सांग. माझ्या वर्गात तू शब्दाचा अर्थ कसा काढायचीस?”

सुरय्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. “सगळ्या काढायच्या तसाच. काहीतरी बोलायचं. तुमच्या भुवया वर गेल्या की ते सोडायचं, दुसरं बोलायचं. कपाळ सैल पडलं की तोच अर्थ.”

“आणि पुढे? करकला शिक्षिकेचं शिकायला गेलीस तेव्हा?”

आता तिने लाल पेन खाली ठेवलं. “पहिलं वर्षभर एक पान कळलं नाही, मिस. प्राध्यापक खाली मान घालून वाचायचे, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. मला वाटलं, मी मठ्ठच आहे, इथे चुकून आले. माझ्याबरोबरची हनान तर शिक्षण सोडून परत आली. मी रात्रंदिवस घोकून कशीबशी निघाले.” मग म्हणाली, “तुम्ही आम्हाला कधी मारलं नाहीत. ते मी विसरलेले नाही.”

हे शेवटचं वाक्य तिने दिलासा म्हणून उच्चारलं होतं. एतिदाल मिसना तेच जास्त लागलं. हनानला त्या ओळखत होत्या. बाजारात ती भाजी घेताना भेटायची आणि रस्ता ओलांडून हात चुंबायला यायची. त्या पोरीला काही येत नाही असं जगाने ठरवलं, तिनेही मान्य केलं, आणि तिला न येणारी गोष्ट आपण शिकवलीच नव्हती, हे मिसना आता कळत होतं. इतकी वर्षं त्या परीक्षा घेत आल्या होत्या. पोरी पानावरून अर्थ काढतात की नाही, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पोरी मिसना वाचत होत्या, आणि फार उत्तम वाचत होत्या.

मग त्यांनी वर्गाच्या मागे उभं राहून शिकवायला सुरुवात केली. पोरी माना वळवून वळवून मागे बघायच्या. फलक म्हणाली, “माझा तास बंद करा आता, मानेचा व्यायाम तुमच्याच वर्गात होतोय.” मिस रोज सांगायच्या, शब्द अडला तर थांबू नका, पुढचं वाक्य वाचा, मग मागे या, आजूबाजूला काय चाललंय ते बघा, चुकलात तरी मोठ्याने चुका. पोरींना हे आवडलं नाही. आधीच्या मिस बऱ्या होत्या, असं त्या आपसात म्हणायच्या, जणू आधीच्या मिस कोणी दुसऱ्याच होत्या.

बदाम फुलले तोवर लकवा उतरायला लागला आणि मग चेहरा पूर्ववत झाला. त्याच सुमाराला वरून हुकूम आला. प्रत्येक मुलीला एकटीला बसवून न वाचलेला उतारा द्यायचा, रेघ मारलेल्या पाच शब्दांचे अर्थ ती कसे काढते ते ऐकायचं. तीन आले तर पुढची इयत्ता, नाहीतर वर्ष पुन्हा. ऐकणार जिची तिची शिक्षिकाच.

त्या दिवशी रुदैना पहिली आत आली. मिसचा सरळ झालेला चेहरा पाहून तिचा चेहरा उजळला. “अल्हम्दुलिल्लाह, मिस! दोन्ही परत आल्या!”

मिसना कळलं, आपण काहीही न बोलता ही पोरगी आज पास होणार होती. त्यासाठी काही करायचीही गरज नव्हती, कपाळ आपलं काम आपोआप करणार होतं. अबू नायफ भट्टीवर खूश होणार, कोणालाही काही कळणार नाही. आणि पुढे कुठल्या तरी पानाशी ही एकटी बसणार, समोर कोणी नसताना.

त्यांनी खुर्ची उचलली, वळवली आणि कपाटाकडे तोंड करून बसल्या.

तफीलात माणसाकडे अशी पाठ फक्त भांडण झाल्यावर करतात. मागून रुदैनाचा आवाज आला. “मिस? माझं काही चुकलं?”

“नाही. वाच.”

“अशी कशी वाचू?”

“वाच, पोरी. जे डोक्यात येईल ते बोलत वाच.”

मग रडवेल्या आवाजात उतारा सुरू झाला. एक मेंढपाळ, त्याच्या शेळ्या, डोंगर. पहिला शब्द तिला माहीतच होता. दुसरा होता ‘हजीर’. ‘मेंढपाळाने शेळ्या खडकाखाली हाकल्या, कारण हजीर आला होता.’

“लांडगा,” रुदैना म्हणाली.

एतिदाल मिसच्या भुवया वर गेल्या. कपाटाला ‘नाही’ म्हणून कळलं.

“लांडगा ना, मिस?” उत्तर आलं नाही. “मिस, नुसतं हो तरी म्हणा.” मग नाक ओढल्याचा आवाज आणि पुढचं वाक्य. ‘त्याने कपाळ पुसलं आणि सावल्या लांब होण्याची वाट पाहत बसला.’ थांबली. तेच वाक्य पुन्हा वाचलं. “लांडगा असता तर कपाळ कशाला पुसेल, पळेल ना. सावल्या लांब होतात दुपार कलली की. मग हे ऊन आहे. भर दुपारचं ऊन.”

मिसनी मांडीवरचा हात घट्ट मिटून घेतला.

तिसऱ्या शब्दाला ती चुकली आणि चुकीच्या अर्थालाच चिकटून राहिली. चौथ्याला म्हणाली, “हा मला येत नाही,” आणि पुढे गेली. इतक्या वर्षांत त्या वर्गात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. आता उरला एकच. ‘त्याने खांद्यावरची इदावा उलटी केली, झटकली, आणि कोरड्या ओठांनी पुन्हा खांद्याला अडकवली.’

“पिशवी आहे,” रुदैना स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. “उलटी केली, म्हणजे रिकामी. भाकरीची? की पैशांची?” कागद वाजला. “पैसे संपले म्हणून ओठ कोरडे पडत नाहीत. भाकरी असती तर भूक लागली असं लिहिलं असतं.” बाहेर मैदानात फलकची शिट्टी वाजली. मिस कपाटाच्या कुलुपाकडे बघत राहिल्या. तोंडातून शब्द निसटेल म्हणून त्यांनी ओठ दाताखाली धरले होते.

“पाण्याची,” रुदैना म्हणाली. “पखाल. पाणी संपलंय त्याचं.”

“झालं,” मिस म्हणाल्या. “तीन आले.”

“म्हणजे शाळा?”

“शाळा चालू.”

मागे खुर्ची सरकली. रुदैना आनंदाने ओरडेल, गळ्यात पडेल, असं मिसना वाटलं होतं. ती म्हणाली, “मग आता तरी वळा ना.”

मिसना वळायचं होतं. पण दाराबाहेर सल्मा उभी होती, तिच्यामागे सगळा वर्ग, आणि आज एकदा वळलं की पुन्हा पाठ फिरवता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. “सल्माला पाठव,” त्या म्हणाल्या.

रुदैना सलाम न करता गेली. दार आपटलं नाही, नुसतं लागलं. सल्मा हसत आत आली आणि दारातच तिचं हसू गेलं.

“मिस,” ती चाचरत म्हणाली, “मी काय केलं?”

“काही नाही, पोरी,” कपाटाकडे बघत एतिदाल मिस म्हणाल्या. “बस. वाच.”